जमापावत्यांचा डबा

आमच्या घरच्या बंदुकीबद्दल मी तीस वर्षं खोटं सांगत आलो. मुद्दाम नव्हे, पण खात्री न करता आणि वर रंगवून सांगितलेलं, म्हणजे खोटंच. गणपतीला मुंबई-पुण्याची मंडळी वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी जमली, रात्रीचं भजन आटोपलं, की कुणीतरी विषय काढायचं आणि मी सुरू व्हायचो. 1844 साली गडकऱ्यांचं बंड झालं, मनोहर-मनसंतोष हे गड इंग्रजांनी घेतले, बंडातल्या फोंड सावंतांची माणसं रानोमाळ पांगली. त्यांतलाच एक आमचा पूर्वज, आणि ही दुनळी त्याच्या खांद्यावरून घरात आली. पोरं डोळे विस्फारून ऐकायची. शेजारपाजारचीही माणसं बसलेली असायची.

बाबा मात्र या गोष्टीला कधी दुजोरा देत नसत आणि खोडूनही काढत नसत. पानाचा डबा उचलून आत जायचे. त्यांचा जीव दुसऱ्याच एका डब्यात होता. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती आणायची, निकालानंतर बंदूक सोडवायची आणि पावती डब्यात ठेवायची. नूतनीकरणाची चलनं, काडतुसांची बिलं, अर्जांच्या नकला, सगळं त्यातच. “बाबा, रद्दीत घाला हे,” असं मी कितीदा म्हणालो असेन. माझं मत ठाम होतं : कागद सरकारसाठी, गोष्ट घरासाठी. वारसा म्हणजे गोष्ट.

त्यांनी दोनदा सांगूनही पाहिलं होतं, “बंदूक माझ्या हयातीत तुझ्या नावावर करून घेऊ.” 2016च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. परवानाधारक सत्तरीला पोचला किंवा शस्त्र बाळगून त्याला पंचवीस वर्षं झाली, की त्याला आपल्या वारसाचं नाव देता येतं. बाबा दोन्ही अटींत बसत होते. “काय घाई आहे?” असं मीच म्हणालो.

ते गेल्यावर कळलं, घाई कसली होती ती. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नव्हे. तो माणूस गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. आम्ही ती विक्रेत्याकडे ठेवली आणि मी कागदांना लागलो : मृत्यूचा दाखला, बहीण-भावांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं, जुना परवाना. तिथेच अडलं. परवान्यावरच्या क्रमांकात 8 होता, बंदुकीवर त्याच जागी 3. हातातली बंदूक आणि कागदावरची बंदूक या दोन वेगळ्या बंदुका ठरत होत्या, आणि कागदावर नसलेल्या बंदुकीला कायदा एकच नाव देतो : विनापरवाना शस्त्र.

चूक आमचीच होती. आजोबांच्या अर्जाची नकल बाबांच्या डब्यात सापडली. त्यांचा 3 असा वळसे घेतलेला की कुणीही 8 वाचावा. त्याहून जुनी एक जमापावती निघाली, तिच्यावर क्रमांक बंदुकीवरून बघून लिहिलेला, स्वच्छ 3. मग मागाहूनच्या पावत्या लावत गेलो. मधली 1981 सालची घडी, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तेव्हाची, तिथलाही दुवा सुटलेला नव्हता. मी ज्याला रद्दी म्हणत होतो त्या डब्याने मला वाचवलं.

दुसरा धक्का विक्रेत्याकडच्या म्हाताऱ्या कारागिराने दिला. क्रमांक पडताळायला त्याने बंदूक उघडली, रिकामी असल्याची खात्री केली आणि नळ्या काढून पालथ्या केल्या. बंदुकीची जन्मखूण तिथे असते, नळ्या बसवलेल्या असताना दिसत नाही. त्याने भिंग माझ्या हातात दिलं. मुकुट, खाली बी. पी.; मुकुट, खाली बी. व्ही.; आणि एन. पी., म्हणजे बिनधुराच्या दारूवर तपासल्याची खूण. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे हे छाप. 1813 पासून तिथे मुकुटाखाली एकमेकांवर ठेवलेले राजदंड उठवत असत. ही अक्षरं आली 1904 मध्ये. “कधीची म्हणालात?” त्याने विचारलं. मी 1844 म्हटलं. तो हसला नाही. बंदूक पुन्हा जोडून, मधून मोडून माझ्यापुढे धरली. “तेव्हा बहुतेक सगळ्या ठासणीच्या हो.”

ठासणीची म्हणजे तोंडातून दारू ओतायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं, मागे टोपी लावायची. आमची दुनळी मोडून मागून काडतूस भरतात. वर तिला बाहेर घोडेही नाहीत; ती रचना अँसन आणि डीली यांनी 1875 साली काढली. मी लहानपणापासून बाबांना ती मोडून काडतुसं भरताना पाहत आलो होतो. पुरावा दर पावसाळ्यात, डुकरं शेतात उतरली की, माझ्या डोळ्यांदेखत उघडत-मिटत होता. बरं, वेंगुर्ला तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात, थेट इंग्रजी अमलाखाली. 1878च्या शस्त्र कायद्यानंतर बंडखोराच्या घरात बंदूक राहू दिली असती का कुणी? हा प्रश्नही मला तीस गणपतींत पडला नाही.

मग ती आली कुठून? डब्याच्या तळाशी मोडीत लिहिलेली एक चिठ्ठी होती. कोल्हापुरात मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडून ती लावून घेतली. गावातल्याच एका शिकारी घराण्याने पणजोबांचं देणं फेडताना बंदूक दिली आणि सरकारी परवानगीने ती आमच्या नावावर झाली, एवढाच मजकूर. ते घराणं व्हाळापलीकडे आजही राहतं. त्यांच्यातला म्हातारा दर गणपतीला आमच्या ओटीवर बसून माझी मनोहरगडाची गोष्ट ऐकत आलेला.

मी त्याच्याकडे गेलो, चिठ्ठी वाचून दाखवली. तो म्हणाला, “आमका म्हायत हा. तुमी सांगतास ता आयकाक बरा वाटता, म्हणान गप ऱ्हवलांव.” बाबा पानाचा डबा घेऊन आत का जात, हे मला त्या क्षणी कळलं.

माझं मत बदललं ते इथे. क्रमांकाचा घोळ निस्तरला तेव्हा कागद उपयोगाचे वाटले होते, एवढंच. पण माझी गोष्ट आमच्या घराला मोठं करताना दुसऱ्या एका घराला पुसत होती, आणि त्या घराचा हक्क राखला होता तो रद्दीतल्या एका चिठ्ठीने. कागदाला कोरडा म्हणत होतो मी. या प्रकरणात माणुसकी जी काही होती ती त्याच्यातच होती.

आता मी एक वही केली आहे. नळी, पेटी आणि पुढचा लाकडी भाग यांवरचे क्रमांक वेगवेगळे, छापांचे फोटो, कुणाकडून कुणाकडे, कोणत्या कागदाने, कोणत्या तारखेला. पहिल्या धारकाच्या जागी त्या शिकारी घराण्याचं नाव, त्यांना विचारून. डब्यातले मूळ कागद वेगळ्या फाइलीत, नकला बहिणीकडे.

ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे त्यांना एक सांगतो. वडीलधारं माणूस हयात असताना त्याला समोर बसवा, कागद काढा, लिहून घ्या, आणि नाव लावायचं असेल तर आत्ताच लावा. बंदूक घरात राहीलच असं नाही. 2019च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाच्याही त्यातच मोजल्या जातात. जास्तीची द्यावीच लागते. ती गेल्यावर घरात उरेल ते लिहून ठेवलेलंच.

ऐकीव गोष्टी मात्र फेकू नका. माझ्या वहीत त्यांना शेवटी एक पान आहे, तीन रकान्यांचं : गोष्ट, सांगणारा, आधार. पहिलीच नोंद मनोहरगडाची आहे. सांगणारा : मी. आधार : नाही.