एकपदी आणि आमची टाकी

मी भाषेचा शिक्षक. बीजगणिताशी असलेला माझा संबंध शालान्त परीक्षेबरोबर संपला, अशी माझी समजूत होती. आणि तो संपल्याचे मला यत्किंचितही दुःख नव्हते. परंतु गतवर्षी गणिताचे गुरुजी दीर्घ रजेवर गेले आणि आठवीचा बीजगणिताचा तास काही आठवडे माझ्या वाट्यास आला. पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावा लागलेला शब्द होता, 'एकपदी'.

शब्द मला अपरिचित नव्हता. अमरकोशात वाटेची जी अनेक नावे दिली आहेत, त्यांत हेही एक आहे. एकपदी म्हणजे पायवाट. आमच्या कुळागरात पोफळींमधून झरीकडे जाणारी वाट अगदी तशीच, एका मागून एकानेच जावे अशी आहे. मुलांना एवढे सांगून मी थोडा वेळ काढला. पण गणितातील एकपदी काही पायवाट नव्हे. तेथे एकपदी म्हणजे ज्यात एकच पद आहे अशी राशी. एखादी संख्या आणि एक वा अधिक अक्षरे केवळ गुणाकाराने जोडलेली असतात. अक्षराचा वर्ग असेल, घन असेल, पण मध्ये कोठे अधिकाचे वा उण्याचे चिन्ह शिरता कामा नये. शिरले की एकाची दोन पदे झाली. '५ क्ष वर्ग' ही एकपदी. तीत ५ हा सहगुणक आणि वर्गातील २ हा घातांक. नुसते ७ हीसुद्धा एकपदीच. मात्र ५ भागिले क्ष ही नव्हे, कारण अक्षर छेदात जाऊन बसले आहे.

मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "गुरुजी, २ क्ष आणि ३ य यांची बेरीज ५ क्षय का होत नाही?"

'क्षय' शब्द ऐकून वर्गात हशा पिकला. मी मात्र हसलो नाही, कारण विद्यार्थिदशेत हीच चूक करून मी गुण घालविले होते आणि ती चूक का, हे मला तेव्हाही कळले नव्हते. त्या रात्री मी भास्कराचार्यांच्या बीजगणिताची माहिती वाचीत बसलो. इ. स. ११५० च्या सुमाराचा तो ग्रंथ. अज्ञात राशींना त्यांनी दिलेली नावे पाहून माझ्यातला भाषेचा मनुष्य सुखावला. पहिली राशी 'यावत्तावत्', म्हणजे जेवढी असेल तेवढी. पुढच्या राशींना रंगांची नावे, कालक, नीलक, पीतक. लिहिताना आद्याक्षरे घ्यावयाची. आपण ज्याला ५ क्ष वर्ग म्हणतो, ते 'याव ५' असे लिहिले जाई. दोन भिन्न अज्ञातांच्या गुणाकारास 'भावित' ही संज्ञा होती. रंगांची ही चाल तर त्याहूनही जुनी, इ. स. ६२८ मधील ब्रह्मगुप्तांच्या ग्रंथातली. आणि नियम असा की, समान जातीच्या राशींची बेरीज करावी. भिन्न जातीच्या असतील त्या शेजारी शेजारी पृथक् ठेवाव्यात. काळे दोन आणि निळे तीन मिळवून पाच कोणत्या रंगाचे होणार? दुसऱ्या दिवशी मुलीला मी हेच सांगितले. गुणाकारास मात्र ही जातीची अट नाही. २ क्ष गुणिले ३ य म्हणजे ६ क्षय खुशाल होतात.

आता थोडे घरचे सांगतो. सुमारे दहा वर्षांपूर्वी बाबांनी कुळागरात पाण्याची नवी टाकी बांधावयाचे ठरविले. जुनी टाकी प्रत्येक बाजूस १ मीटर, वरून उघडी. पाणी दुप्पट हवे होते. मी नुकताच पदवीधर झालेला. गवंड्याला द्यावयाची चिठ्ठी मीच सुवाच्य अक्षरांत लिहिली : 'सर्व मापे दुप्पट करावीत.' बाबांनी विचारले, "दोट्टी म्हळ्यार दोट्टीच न्हय रे?" मी होय म्हणालो. त्यांनी खर्चही दुप्पट धरून पैसे बाजूला ठेविले. दुसरी भिंत उभी राहिली आणि पैसे संपले. आईच्या पाटल्या विकल्या गेल्या तेव्हा टाकी पुरी झाली. गवंड्याचा दोष नव्हता. त्याने लिहिल्याप्रमाणे बांधले. माझा दोष कोठे होता, हे तेव्हा कोणालाच उमगले नाही. सिमेंट महागले, असे बाबा म्हणत.

तो दोष मला आठवीच्या वर्गात फळ्यापुढे उभा असताना दिसला. बाजू क्ष धरली तर तळ आणि चार भिंती मिळून क्षेत्रफळ ५ क्ष वर्ग, आणि आत मावणारे पाणी क्ष घन. बाजू १ मीटर असता क्षेत्र ५ चौरस मीटर, पाणी १००० लिटर. बाजू २ करताच क्षेत्र २० आणि पाणी ८०००. चिरे, गिलावा, मजुरी, सारे चौपट! जुनी टाकी झरीच्या पाण्याने रात्रीत भरे. नवी भरावयास आठ रात्री लागतात. सारा घोटाळा त्या डोक्यावरच्या इवल्याशा घातांकाचा. (पाडेल्याने तोडलेला नारळ पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येतो, तर दोन सेकंदांत १९.६, तेथेही काळाचा वर्गच आहे. हवेचा अडथळा तेवढा सोडून द्यावा.)

टाकी कोणाची ते न सांगता मी हे उदाहरण वर्गाला घातले. तीच मुलगी म्हणाली, "पण गुरुजी, त्या माणसाला पाणी दुप्पट हवे होते ना? मग बाजू दुप्पट करायला कोणी सांगितले?"

मी खडू खाली ठेविला. मग आम्ही सर्वांनी मिळून शोध घेतला की, क्ष घन २ होण्यास क्ष किती हवा. सव्वा घेतला तर थोडे कमी पडले, १.२६ घेताच जवळजवळ नेमके जमले. क्षेत्रफळ काढले, तर ८ चौरस मीटरांहूनही किंचित कमी. आम्ही २० बांधले होते.

शनिवारी घरी गेल्यावर बाबांना टाकीपाशी नेले आणि चिठ्ठीपासून सगळे सांगितले. एक मीटराच्या वर किती, ते त्यांनी पुन्हा विचारले. मी २६ सेंटिमीटर म्हणालो. त्यांनी भिंतीवर वीत ठेवली, तिच्यापुढे दोन बोटे टेकविली आणि तेथे क्षणभर पाहत राहिले. मग, पोफळींना पाणी सोडावयाची वेळ झाली, असे म्हणून खाली वळले.