डावीकडचा डोंगर

आमच्या लॅबमध्ये सीसीआर-७ चं नाव निघालं की कुणीतरी सुस्कारा टाकायचंच. टी-पेशींना लसिका ग्रंथींकडे ओढून नेणारा हा रिसेप्टर. १९९९ मध्ये सालुस्टो, लान्झाव्हेकिया आणि सहकाऱ्यांनी सीसीआर-७ आणि सीडी४५आरए यांच्या जोडीने मेमरी टी-पेशींचे दोन गट वेगळे करून दाखवले. लशींवर काम करणाऱ्यांना तेव्हापासून ही जोडी सतत लागते. पण सीडी४ जसा फ्लो सायटोमीटरवर दोन सुटे डोंगर दाखवतो, निगेटिव्ह डावीकडे आणि पॉझिटिव्ह उजवीकडे, तसं इथे होत नाही. इथे एकच लांबलचक उतार. त्यावर गेट, म्हणजे निगेटिव्ह-पॉझिटिव्ह वेगळं करणारी हद्द, कुठे मारायचं? दोन जणींनी मारलं तर दोन वेगळे आकडे यायचे.

पहिला उपाय कुणालाही सुचेल तोच: सीसीआर-७ ला चिकटणारी रंग लावलेली अँटिबॉडी वाढवा. वाढवली की उतार उजवीकडे सरकतो आणि जिवाला बरं वाटतं. मॅडमनी मात्र स्क्रीनकडे बघून एवढंच म्हटलं, "अगं, तुझं पॉझिटिव्ह कमी नाहीये. निगेटिव्ह जास्त आहे."

मग आम्ही डावीकडच्या डोंगरामागे लागलो. मेलेल्या पेशी सर्वांत मोठ्या लबाड. आवरण फाटलेलं असतं, त्यामुळे कुठलीही अँटिबॉडी आत शिरून चिकटते. व्हायेबिलिटी डाय घालून त्यांना आधीच वगळलं. मोनोसाइट आणि बी-पेशींवरचे एफसी रिसेप्टर अँटिबॉडीला शेपटीकडूनच पकडतात, म्हणून स्टेनिंगआधी एफसी ब्लॉक. हे सगळं पुस्तकात असतंच, फक्त घाईच्या दिवशी कुणी करत नाही.

खरी गंमत टायट्रेशनमध्ये आली. प्रत्येक ट्यूबमध्ये १० लाख पेशी, १०० मायक्रोलिटर बफर, आणि अँटिबॉडी दर वेळी निम्मी: ५ मायक्रोलिटर, २.५, १.२५, ०.६, ०.३. धुण्याचं काम कंटाळवाणं, पण हात तिथेच बसतो. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली की तळाशी मोहरीएवढा फिकट ठिपका असतो. एका झटक्यात वरचं पाणी ओतायचं, कडेला लोंबणारा थेंब टिश्यूला टिपायचा आणि मग बोटाने टिचक्या मारायच्या, ठिपका विरघळून ढग होईपर्यंत. तो थेंब राहिला तर न धरलेली अँटिबॉडी त्याच्यासोबत राहते.

नाईव्ह सीडी४ पेशींवर सीसीआर-७ असतोच, म्हणून त्या पॉझिटिव्ह धरल्या. रक्तातल्या बहुतेक एनके पेशींवर नसतो, म्हणून त्या निगेटिव्ह. दोघींच्या मीडियनमधलं अंतर घ्यायचं आणि निगेटिव्हच्या स्टँडर्ड डेव्हिएशनच्या दुपटीने भागायचं. हाच स्टेन इंडेक्स. कंपनीने सांगितलेल्या ५ मायक्रोलिटरला पॉझिटिव्ह सर्वांत झगझगीत होतं, पण इंडेक्स सर्वांत जास्त १.२५ ला आला. त्याखाली मात्र पॉझिटिव्हही ढासळायला लागलं.

रंगही बदलला. जुन्या पॅनेलमध्ये सीसीआर-७ एफआयटीसी या हिरव्या रंगावर होता. पेशींचा स्वतःचा मिणमिणता उजेड नेमका त्याच हिरव्या पट्ट्यात पडतो, त्यामुळे अशक्त खुणेला तिथे बसवणं म्हणजे बाजारात कुजबुजणं. सीडी४ ला एफआयटीसी चालतं, कारण तो पेशीवर भरपूर असतो. सीसीआर-७ ला आम्ही पीई दिलं. हे लाल शैवालातलं प्रथिन. एकेका रेणूत प्रकाश टिपणारे तीसहून अधिक घटक. ओई, ग्लेझर आणि स्ट्रायर यांनी १९८२ मध्ये ते अँटिबॉडीला जोडून दाखवलं. एफआयटीसीचा थोडा प्रकाश पीईच्या खिडकीत सांडतो, म्हणून सीसीआर-७ सोडून बाकी सगळे रंग घातलेली एफएमओ ट्यूब सोबत ठेवली आणि गेट तिच्यावरून मारलं.

एवढ्यावर उतार बराच फाटला होता. शेवटची गोष्ट माझ्या सवयीच्या विरुद्ध होती. स्टेनिंग बर्फावर करायचं हे इथे घोटून घेतलं जातं, कारण थंडीत रिसेप्टर जागच्या जागी राहतात. पण केमोकाइन रिसेप्टर सतत आत-बाहेर ये-जा करतात. बर्फावर जे आत ते आतच. ३७ अंशांवर ठेवलं की पृष्ठभागावर येईल तो अँटिबॉडीच्या हाती लागतो. म्हणून आता सीसीआर-७ एकटा आधी इन्क्युबेटरमध्ये जातो आणि बाकीची मंडळी नंतर येतात. त्या बदलानंतर मध्ये चक्क दरी दिसली. मॅडमनी प्रिंट काढून हुडवर चिकटवला.

कुपीवर १०० टेस्ट छापलेल्या असतात, आमच्या हिशेबाने त्या ४०० होतात. खरेदी विभागातल्या काकांनी विचारलंच, "ताई, ती महागडी बाटली यंदा नको का? मग बजेटमधून काढून टाकतो." तेवढं मात्र मी करू दिलं नाही. लॉट बदलला की टायट्रेशन पुन्हा करावं लागतं, आणि ते जुनी कुपी संपायच्या आत, दोन्ही शेजारी ठेवूनच करायचं असतं.