कॅमेरा घ्यायचा, पण कुणाच्या हातासाठी?

मनमाडसारख्या गावात वर्षानुवर्षे दवाखाना चालवला की लोकांच्या आजारांबरोबर त्यांच्या घरांच्या भिंतीही पाठ होतात. घरातले एखादे वृद्ध माणूस गेले की दुसऱ्याच दिवशी तसबिरीसाठी फोटोची शोधाशोध सुरू होते. मुलांच्या मोबाइलमध्ये हजारो छायाचित्रे असतात, परंतु त्यांत वडिलांचे एकट्याचे, नेहमीच्या मुद्रेतले एकही निघत नाही. मग लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून काढतात, नाही तर आधार कार्डावरचा फोटो स्टुडिओवाल्याकडून मोठा करून घेतात. भिंतीवर कायमचा राहतो तो घरातल्या कुणाच्याच ओळखीचा नसलेला चेहरा.

आपल्यापैकी काहींच्या घरी सध्या कॅमेरा घेण्याचे चालले असेल. नातवंड झाले आहे, आईची पंचाहत्तरी जवळ आली आहे, किंवा परदेशातला मुलगा ‘कोणता पाठवू?’ असे विचारतो आहे. दुकानदार मेगापिक्सेलचे आकडे सांगेल, भाचा इंटरनेटवरच्या चाचण्या दाखवील. मला मात्र हा प्रश्न चष्म्याच्या किंवा काठीच्या निवडीसारखा वाटतो. तो कॅमेरा कोणत्या खोलीत चालणार, कोणत्या हातात राहणार आणि कोणते डोळे त्यातून पाहणार, हे आधी ठरवावे.

रोजच्या घरातले पाहण्यासारखे असते, हे आपल्या नाशिक जिल्ह्याच्या सुपुत्राने शतकापूर्वीच दाखवून दिले आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला. ‘राजा हरिश्चंद्र’ अजून दूर होता. पैसा घालणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे दिवसांमागून दिवस टिपत गेले. मिनिटभराच्या फितीत रोप वर आलेले पाहून लोक थक्क झाले. त्या काळात अतिश्रमाने त्यांची दृष्टीच काही काळ अधू झाली होती, ही गोष्ट मला, माझ्या व्यवसायामुळे असेल, चित्रपटाइतकीच लक्षात राहिली आहे. कुंडी घरातली, प्रकाश नेहमीचा, आणि धीर मात्र अपार.

आता आपल्या खोलीकडे वळू. घरातले खरे प्रसंग भर उन्हात घडत नाहीत. पहाटे चहाच्या वेळी, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली, देवघराच्या कोपऱ्यात घडतात. आमच्याकडे तर आणखी एक प्रसंग आहे: कित्येक दिवसांनी नळाला पाणी येते तो. त्या तासाभरात आजीपासून नातवापर्यंत सारे घर हंडे, पिंपे, कळशा घेऊन धावते. एवढे एकत्र आम्ही दिवाळीलाही नसतो. पाणी रात्री येवो वा पहाटे, प्रकाश मात्र अपुराच असतो.

अशा वेळी मेगापिक्सेल कामाला येत नाहीत, लेन्सचे तोंड किती मोठे उघडते ते कामाला येते. लेन्सवर एफ या अक्षरापुढे आकडा असतो. तो जितका लहान तितका प्रकाश अधिक आत येतो. आकडा निम्मा झाला की प्रकाश चौपट होतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी नेहमीची झूम लेन्स पुढे ओढली की बहुधा ५.६ वर येऊन थांबते; १.८ ची साधी लेन्स तिच्या नऊपटीहून अधिक प्रकाश घेते. म्हणजे जिथे पहिलीला सेकंदाचा पंधरावा भाग लागेल आणि आजीचा हात पुसट येईल, तिथे दुसरीला सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरेल. म्हणून स्वतंत्र कॅमेरा घ्यायचाच असेल तर बॉडी साधी, हवी तर वापरलेली घ्यावी आणि वाचलेला पैसा अशा एका लेन्सवर घालावा. दहा बाय दहाच्या खोलीत ५० मिलिमीटरची लेन्स लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लावली तर आपल्याला भिंतीला पाठ टेकवावी लागेल. ३५ ची बरी. ती एकदा लावली की काढू नये. उन्हाळ्यात अंकाई-टंकाईच्या बाजूने वारा सुटला की आमच्या गावात धूळ घराघरांत शिरते, आणि लेन्स बदलताना ती सेन्सरवर जाऊन बसते.

दुकानात ‘स्टॅबिलायझेशन’ या शब्दाचा उच्चार फार होतो. ही सोय चांगली आहे, पण ती कॅमेरा धरणाऱ्याचा हात सावरते. समोर धावणाऱ्या नातवाला ती थांबवू शकत नाही. त्यासाठी प्रकाशच हवा.

हाताविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. मोठा कॅमेरा लेन्ससह पाऊण किलोच्या घरात जातो. तरुणाला ते काहीच नाही. परंतु अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेल्या बाईला तेवढ्या वजनाने बरणीचे झाकण फिरवताना येते तशीच कळ येते, आणि मानेचे मणके झिजलेल्या गृहस्थाला गळ्यात पट्टा घेऊन लग्नघरात हिंडणे नकोसे होते. पट्टा आडवा, खांद्यावरून घ्यावा. उतारवयातल्या हातांना लहान मिररलेस कॅमेरा किंवा चांगला मोबाइलच मानवतो. दुकानात कॅमेरा पाच मिनिटे उजव्या हातात धरून उभे राहावे. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

कंप दोन तऱ्हेचा असतो. हात मांडीवर विसावलेला असताना जो थरथरतो, सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा, तो पार्किन्सनचा असण्याचा संभव असतो. कप उचलताना, सही करताना किंवा हात पुढे ताणून धरताना जो वाढतो तो पुष्कळदा निराळा असतो आणि अनेक कुटुंबांत पिढ्यांतून चालत येतो. या दुसऱ्या प्रकाराला मोबाइल हातभर लांब धरण्याची आपली नेहमीची पद्धत सर्वांत वाईट. कोपरे बरगड्यांना टेकवावीत, पाठ दाराच्या चौकटीला लावावी, श्वास सोडता सोडता बटण दाबावे. त्याहून सोपे म्हणजे दोन-तीन सेकंदांचा टायमर लावावा. बोट लागल्याने बसणारा हिसका तेवढ्यात विरून जातो. पुष्कळ मोबाइलमध्ये आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणानेही फोटो निघतो. वयोमानाने बोटांची कातडी कोरडी होते आणि काचेला स्पर्श कळत नाही, तेव्हा हे बटण उपयोगी पडते. मात्र कंप नव्याने सुरू झाला असेल तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइड वाढल्याने किंवा दम्याच्या औषधांनीही हात थरथरतात, आणि त्यावर इलाज असतो.

डोळ्यांसाठी एक बारीकशी खूण. डोळा लावून पाहायच्या खिडकीशेजारी पुष्कळ कॅमेऱ्यांना एक छोटे चाक असते. ते फिरवले की चष्म्याचा काही नंबर तिथेच जुळतो. ‘कॅमेरा बिघडला, सारे अंधूक दिसते’ असे म्हणणाऱ्यांपैकी काहींनी ते चाक कधी फिरवलेलेच नसते. काहींचा मोतीबिंदू मात्र खरोखर पिकलेला असतो. पडदा वर उचलता येणारा कॅमेरा मिळाला तर जरूर घ्यावा. तो पोटाशी धरून खाली पाहत फोटो काढता येतो, मान वाकडी करावी लागत नाही आणि हातही अंगाला टेकलेले राहतात. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला ज्या प्रकारचा रोलायफ्लेक्स वापरत, त्यात असेच वरून पाहायचे असे. समोरच्या माणसावर नजर रोखलेली नसली की तोही सैलावतो, आणि मुले तर विसरूनच जातात.

माझे एक जुने रुग्ण रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. गुडघ्यांमुळे त्यांचा बहुतेक दिवस ओट्यावरच्या खुर्चीत जातो. मुलीने आपला जुना मोबाइल त्यांना दिला, त्यात सिमकार्डही नाही. तपासणीला आले की ते मला आठवड्याचे फोटो दाखवतात. खुर्चीच्या उंचीवरून जग कसे दिसते ते त्यांत आहे: पाणी भरताना पत्नीचे ओले मनगट, सायकलखाली झोपलेले मांजर, दप्तर टाकून पळणारी नात. तरुणपणी त्यांच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. त्यात एका रोलवर बाराच फोटो निघत, म्हणून ते आजही बटण जपून दाबतात. त्यांच्या घरच्यांना मी एवढेच सुचवले की अधूनमधून तो मोबाइल त्यांच्या हातून घेऊन त्यांचाही एक फोटो काढत जा. आपल्या घरात वृद्ध माणसाचे फोटो काढले जातात, पण कॅमेरा त्यांच्या हातात देण्याचे सुचत नाही. दुपार लांबच लांब असते. पाहण्यासारखे काही शोधायचे काम मिळाले तर ती सरते.

तेव्हा पुष्कळ घरांना माझा सल्ला असा राहील की नवे काही घेण्याआधी हातातला मोबाइल नीट वापरून पाहावा. त्याची लेन्स रुमालाने पुसावी. निम्मे धूसर फोटो तेलकट बोटांचे असतात. चेहऱ्याच्या फार जवळ जाऊ नये, नाक मोठे दिसते; दोन पावले मागे सरून दुप्पट झूम घ्यावा. माणसाला खिडकीच्या बाजूला बसवावे. आणि सुरकुत्या पुसणारी ती ‘ब्युटी’ नावाची सोय बंद करावी. आजीच्या गालावरच्या रेषा पुसून टाकल्या तर उरते ती कुणाची आजी?

दवाखान्यातही या फोटोंचा उपयोग होतो, याची आपल्याला कल्पना नसेल. रोगी खुर्चीत बसला की लक्षण दडून बसते. रात्री घोरताना मध्येच थांबणारा श्वास, चालताना ओढले जाणारे पाऊल, झटका येताना कोणता हात आधी वळला, हे अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत दिसले तर निदान सोपे होते. अर्थात झटका आला असता आधी माणसाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, तोंडात काही घालू नये; चित्रण दुसऱ्या कुणी करावे. तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, एका बाजूचा हात गळाला, तर मात्र कॅमेरा खाली ठेवून लगेच १०८ ला फोन लावावा आणि लक्षण किती वाजता सुरू झाले ते लिहून ठेवावे. जखमेचा फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी एक नाणे ठेवून काढावा, म्हणजे आकार कळतो. आणि जुने रोजचे फोटो जपावेत. पापणी आताच उतरली आहे की दहा वर्षांपूर्वीही तशीच होती, वजन किती उतरले, चेहऱ्यावरचे हावभाव कधीपासून कमी झाले, हे मला अनेकदा तारीख असलेल्या साध्या फोटोंवरूनच कळते.

नातवंडांच्या बाबतीत एक गोष्ट कृपया विसरू नये. फ्लॅशने बाळाची दृष्टी जाते ही भीती निराधार आहे. परंतु फ्लॅश वापरून काढलेल्या फोटोंत एक बाहुली लाल आणि दुसरी पुन्हा पुन्हा पांढरी चमकताना दिसली, तर बाळाला विनाविलंब नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. कधी कोनामुळेही तसे दिसते, पण जन्मजात मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही असू शकतो, आणि त्यात लवकर निदान झाले तर डोळा आणि जीव दोन्ही वाचण्याची शक्यता खूप वाढते.

राहता राहिला प्रश्न फोटो ठेवायचे कुठे, हा. मोबाइल पडतो, हरवतो, पाण्याच्या पिंपात जातो. महिन्यातून एकदा दहा-बारा फोटो निवडून स्टुडिओतून छापून आणावेत आणि मागे पेन्सिलीने नावे, तारीख, ठिकाण लिहावे. विस्मरण सुरू झालेल्या माणसासमोर असा अल्बम ठेवला की तासभर कसा जातो ते कळत नाही. फक्त ‘हा कोण, ओळखा पाहू’ अशी परीक्षा घेऊ नये. नाव आठवले नाही की ती व्यक्ती खजील होते आणि पुढच्या वेळी अल्बम लोटून देते. ‘हा सुरेश, तुमचा धाकटा, त्या दिवशी आपण येवल्याला गेलो होतो’ असे आपणच सांगावे आणि पुढचे ते सांगतात का, ते शांतपणे ऐकावे. सांगितलेला तपशील खोटा असला तरी दुरुस्त करण्याची घाई नको.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे, नळ्या लावलेले, उघडे अंग दिसणारे फोटो काढून कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप समूहावर टाकण्याची रीत मला मान्य नाही. नातेवाइकांना काळजी असते हे खरे. त्यांना फोन करून सांगता येते. ज्या आईने आयुष्यभर पदर ढळू दिला नाही, तिला आजारपणात कुणी विचारतही नाही. ‘आई, काढू का फोटो?’ एवढे तरी म्हणावे. शुद्ध हरपलेली असेल तर तिला काय रुचले असते, ते आपल्याला माहीत असतेच. नको म्हणाली तर कॅमेरा बाजूला ठेवावा. आणि ‘थांब, कवळी लावते’ म्हणाली, तर तेवढा वेळ जरूर थांबावे.