पाचवा माणूस

ग्वाल्हेरच्या थंडीची एक आठवण सांगते.

आमचं घर लष्करात. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी पडली, तेच हे लष्कर. आमचे पूर्वज कधीतरी त्या पाठोपाठ आले आणि येताना खंडोबाचा टाक घेऊन आले. भाषेत हिंदी मिसळली, पोह्यांसोबत जिलबी आली, पण चंपाषष्ठी काही सुटली नाही.

आमच्याकडे आषाढीपासून वांगं बंद. ते सुटायचं थेट चंपाषष्ठीला. आई पहाटे अंगणात सिगडी पेटवायची. बाहेर कोहरा एवढा, की समोरचं फाटक दिसायचं नाही, पण वांगी भाजल्याचा वास गल्लीभर जायचा. बाजरीचे रोडगे, पातीचा कांदा, भरीत. नैवेद्य झाला की तळी.

तळीला पाच पुरुष लागत. अण्णा, दोन्ही काका, माझा भाऊ, आणि पाचवे समोरचे मास्टरसाब. ते भिंडचे, मराठीचा गंध नाही, पण ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचे.

आठवीत असताना मी अण्णांना विचारलं, “मी का नाही?”

“बायका तळी उचलत नाहीत.”

“मग मास्टरसाब कसे चालतात? त्यांचा कुठे खंडोबा आहे?”

अण्णा काही बोलले नाहीत. मी त्या दिवशी भरीत खाल्लं नाही. पाच महिने वाट पाहिलेलं भरीत!

वर्षं गेली. एक काका वारले, दुसरे मुलाकडे पुण्याला गेले. माझं लग्न गावातच झालं, त्यामुळे यांचा आणि माझ्या मुलाचा हात तळीला लागू लागला. माझा नाहीच. मीही पुन्हा विचारलं नाही.

मग एक साल असं आलं, की षष्ठी डिसेंबरच्या मध्यावर पडली. भाऊ दिल्लीहून निघाला होता. कोहऱ्यात गाडी मथुरेच्या अलीकडेच अडकली. बारा वाजले, दोन वाजले. ताम्हनात पानं, सुपारी, खोबरं, भंडारा सगळं मांडलेलं आणि माणसं चारच. आई म्हणाली, “आता पाचवा कुठून आणायचा?”

मास्टरसाब म्हणाले, “बिटिया है ना.”

अण्णा बराच वेळ ताम्हनाकडे बघत बसले. मग मला म्हणाले, “ये. उघड्या डोक्यानं बसू नकोस.” मी ओढणी शोधायला लागले, तर त्यांनी स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून माझ्या डोक्याला गुंडाळला. लहानपणी शाळेत जाताना गुंडाळायचे तसाच, कानांवरून घट्ट.

तीनदा तळी उचलली. ताम्हन फार जड नसतं हो, पण माझे हात थरथरत होते. अण्णा एवढंच म्हणाले, “हात किती गार पडलेत तुझे. सिगडीपाशी बस.”

आठवीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी शब्दांत कधीच दिलं नाही. पुढच्या चंपाषष्ठीला ते नव्हते. भाऊ मात्र आदल्या दिवशीच आला होता. तळीला बसताना त्यानं मला हाक मारली, “ताई, मफलर कुठंय तुझा?”

मी आणायला आत गेले, ती जरा उशिरानंच बाहेर आले.

तुमच्याकडे तळीला कोण कोण बसतं? नक्की लिहा.