कृष्णाकांठीं : वाईहून सांगलीस

माझ्या वडील बंधूंच्या पत्नी दोन वर्षें अंथरुणावर आहेत. त्यांचें माहेर सांगलीचें. गेल्या चैत्रांत मी एका मुंजीसाठीं सांगलीस निघालों, तेव्हां त्यांनीं सुनेकडून तांब्याचा गडू काढवून माझ्यापुढें ठेवविला. "भाऊजी, येतांना आमच्या घाटावरचं पाणी आणा." आमचें घर वाईस, कृष्णेपासून शंभर पावलांवर, पण माहेरचें पाणी तें माहेरचें!

स्नानाच्या श्लोकांत गंगेपासून कावेरीपर्यंत सात नद्यांचीं नांवें येतात, कृष्णेचें येत नाहीं. लहानपणीं मला याचें वाईट वाटे. आजोबा म्हणत, "जिच्यांत उभे आहों, तिला हांक कशाला मारावयाची?"

ढोल्या गणपतीपुढचें पाणी त्या दिवशीं संथ व हिरवट होतें. गांवाचें सांडपाणी येथेंही नदींत येतें. स्वग्रामाभिमानानें तें झांकावें असें मला वाटत नाहीं. सातारच्या अलीकडे माहुलीस उतरलों, वेण्णेच्या संगमावर दोन्ही कांठांचीं देवळें पाहिलीं. कऱ्हाडास कृष्णा व कोयना समोरासमोर येऊन भेटतात. असा संगम मीं अन्यत्र पाहिला नाहीं. उन्हाळ्यांत सांगलीकडे जें पाणी वाहतें, त्यांत कोयना धरणांतून सोडलेल्या पाण्याचा वांटा मोठा असतो. कऱ्हाडाखालीं दुतर्फा ऊस, आणि उंसामागोमाग कारखाने.

सांगलीस आयर्विन पूल तसाच दिमाखानें उभा आहे; १९२९ सालचा तो, माझ्याहून पुष्कळ वडील. घाटावर एक जुना विद्यार्थी भेटला. माझ्या हातांतील गडू पाहून तो म्हणाला, "गुरुजी, येथें भरूं नका," आणि त्यानें मला कांठाकांठानें शेरीनाल्याच्या तोंडाशीं नेलें. काळें पाणी, त्यावर फेंस. पंचा नाकाशीं धरावा लागला. हें शहराचें सांडपाणी शुद्ध करून धुळगांवकडे शेतीस नेण्याची योजना झाली, तरी नाला नदीस मिळावयाचा सर्वस्वीं थांबलेला नाहीं.

त्यानेंच मार्च २०२३ ची हकीकत सांगितली. अंकलीजवळ पात्रांत मेलेल्या माशांचा खच पडला होता. मळीमिश्रित पाण्याची ओरड झाली आणि प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलें. एक लिटर मद्यार्कामागें आठ ते पंधरा लिटर सांडपाणी निघतें. घाण कुजतांना जो प्राणवायु खाते, त्याचें माप स्नानाच्या पाण्यास लिटरमागें तीन मिलिग्रॅमपर्यंत चालतें. या कच्च्या सांडपाण्यांत तें चाळीस हजारांच्या घरांत असतें. असें पाणी नदींत शिरलें कीं मासे अक्षरशः गुदमरतात.

कायदा नाहीं म्हणावें, तर तो १९७४ पासून आहे. १९८८ च्या दुरुस्तीनें कारखाना बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा अधिकारही प्रदूषण मंडळास मिळाला. परंतु न्यायालयांत टिकेल असा नमुना घ्यावयाचा, तर अधिकाऱ्यानें आधीं कारखानदारास नोटीस द्यावी, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावे, मोहोर लावावी, सही घ्यावी. रीत न्यायाचीच आहे. कोणावरही तोंडी आळ येऊं नये, हें मीं वर्गांतही पाळलें. पण पाणी मोहोरेसाठीं थांबत नाहीं. रात्रीं सोडलेलें सकाळीं अर्धा कोस खालीं गेलेलें असतें, आणि साहेबांच्या बाटलींत येतें तें त्याच्या मागचें, बऱ्यापैकीं स्वच्छ पाणी. माझा विद्यार्थी म्हणाला, "वास आला कीं आम्ही टेलिफोन करतों. ते येतात तोंवर वास गेलेला असतो." रात्रंदिवस माप घेणारीं यंत्रें मोठ्या कारखान्यांच्या तोंडाशीं बसविण्याचा दंडक आतां आहे, तीं यंत्रें काय सांगतात हें घाटावरच्या फळ्यावर रोजच्या रोज लिहावें, एवढेंच माझ्या मास्तरी बुद्धीस सुचलें.

परतीच्या वाटेवर माहुलीस गडू भरून घ्यावा आणि सांगलीचें म्हणून द्यावा, हा विचार मनांत आला नाहीं असें नाहीं. एस्. टी. माहुलीवरून पुढें निघून गेली तेव्हां तो सुटला.

वहिनींनीं रिकामा गडू हातांत घेऊन हलवून पाहिला. "आटली का हो नदी?"

"नाहीं वहिनी," मी म्हणालों, "पाणी पुष्कळ होतें."

त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं. सुनेला हांक मारून गडू पुन्हां कपाटांत ठेवावयास सांगितला.