पावसाआधीं गाडीच्या कांचा

वैशाख सरूं लागला म्हणजे घरोघर एकच लगबग सुरू होते. कौलें चाळावयाचीं, वाळवणें आवरावयाचीं, छत्र्यांच्या काड्या नीट करून घ्यावयाच्या. ह्या कामांत कोणाही गृहिणीची गफलत होत नाहीं. आतां पुष्कळ घरांच्या दारीं मोटार उभी असते; परंतु तिच्या कांचांचा विचार मात्र पहिली सर कोसळेपर्यंत कोणाच्या मनांत येत नाहीं. म्हणून ह्या विषयीं घरांतील लहानथोर सर्वांशीं चार शब्द बोलावे असें आम्हांस वाटतें.

आमचें खांडबारा हें नवापूर तालुक्यांतील, सुरत-भुसावळ लोहमार्गावरील गांव. समुद्र येथून दूर. तेव्हां चक्रीवादळाशीं आपला काय संबंध, असें कोणी म्हणेल. परंतु अरबी समुद्रांतील वादळें बहुधा पावसाळ्याच्या तोंडीं, मे-जूनमध्यें, व पुढें आक्टोबर ते डिसेंबरपर्यंत उठतात, आणि त्यांचा पाऊस किनाऱ्यावर थांबत नाहीं. डिसेंबर २०१७ मधील 'ओखी' सुरतेच्या बाजूस येतां येतां क्षीण झालें. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' श्रीवर्धनाजवळ किनाऱ्यास लागलें व ईशान्येकडे देश तुडवीत गेलें. १७ मे २०२१ च्या रात्रीं 'तौक्ते' सौराष्ट्रावर आदळलें. वादळ नसलें तरी श्रावणांतील एखादी सरही विसरवाडीचा रस्ता किंवा कोंडाईबारीचा घाट क्षणांत पडद्याआड नेते.

ह्या रस्त्यांवर मोटारीखेरीज पायीं चालणारेही असतात. बाजार आटोपून, गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन माणसें कडेकडेनें घरीं निघालेलीं असतात. त्यांच्या हातीं दिवा नसतो. एका सायंकाळीं घाटाखालीं अशीच एक बाई, कडेवर मूल घेतलेली, पावसांतून एकाएकीं आमच्यापुढें प्रकट झाली. गाडी सावकाश होती आणि कांच निर्मळ होती, म्हणून ती वीस पावलें आधीं दिसली व गाडी थांबली. तीं वीस पावलें आम्हांस रबराच्या एका पट्टीनें व साबणाच्या पाण्यानें मिळवून दिलीं होतीं.

अमेरिकेंतील मेरी अँडरसन ह्या बाईंनीं १९०३ सालीं हातानें फिरवावयाच्या वायपरचें पेटंट मिळविलें. आज वायपर विजेवर चालतो, पण काम तीच रबरी पट्टी करते. खानदेशच्या उन्हानें ती कडक होते, तिला चिरा पडतात, आणि मग ती पाणी पुसण्याऐवजीं पसरते. दरवर्षीं पावसाआधीं ती बदलावी. कोरड्या धुळीवर वायपर कधींही चालवूं नये. कांचेवर ओरखडे उठतात. धूर व तेल ह्यांचा पातळ थर कांचेवर बसतो आणि समोरून दिवे आले कीं झगमगूं लागतो. तो साबणाच्या पाण्यानें आंतून-बाहेरून काढून जुन्या धोतराच्या फडक्यानें कांच कोरडी करावी. कांचेच्या बुडाशीं खांचेंत साचलेला पालापाचोळा मुलांनीं वेंचून काढावा, म्हणजे पाणी तुंबणार नाहीं.

समोरची कांच दोन पापुद्र्यांची असून मधें प्लास्टिकचा थर असतो. फ्रेंच रसायनज्ञ बेनेडिक्टस ह्यांनीं अशा कांचेचें पेटंट १९०९ सालीं घेतलें. खडा लागून तिला टवका उडाला तर तो लहान असतांनाच भरून घ्यावा. नाहीं तर तडा आडवा धांवतो. कागदी पट्ट्या चिकटविल्यानें कोणतीही कांच बळकट होत नाहीं. बाजूच्या कांचा बहुधा वेगळ्या असतात. फुटल्या कीं त्यांचे बारीक दाणे होतात. गाडी पाण्यांत अडकून दारें उघडेनाशीं झालीं, तर टोंकदार हातोडीनें फोडावयाची ती हीच कांच, आणि तीही कोपऱ्याशीं. अशी हातोडी हाताशीं असावी.

आंतून वाफ धरूं लागली तर वातानुकूलनाचा झोत कांचेवर सोडावा व बाहेरची हवा आंत घ्यावी. पुढील-मागील कांचेंतून निदान ७० टक्के व बाजूच्या कांचांतून ५० टक्के प्रकाश आला पाहिजे असा नियम आहे. काळ्या कांचेचा डौल पावसाळी सायंकाळीं घातक ठरतो. वादळाची सूचना मिळाली तर गाडी झाडाखालीं किंवा पत्र्याच्या छपराजवळ उभी करूं नये. गारांचें भय असेल तर कांचेवरची धूळ पुसून जाड गोधडी बांधावी.

ऑगस्ट २०१८ मध्यें नवापुरांत रंगावलीला आलेला पूर तालुका विसरलेला नाहीं. फरशीपुलावरून पाणी वाहात असेल, तर निर्मळ कांचेचा एकच उपयोग करावा: तें वेळीं पाहावें आणि अलीकडेच थांबावें. घरीं वाट पाहणारी माणसें उशीर सोसतील.