उलाळ

माझ्या माहेरी, निपाणीजवळच्या खेड्यात, अप्पांच्या दोन बैलगाड्या होत्या. तंबाखूचे बोद भरताना ते गड्यांना सारखे ओरडून सांगायचे, "उलाळ होईल रे, उलाळ!" ओझं मागं जास्त झालं की गाडी मागं कलते, जू बैलांच्या मानेवरनं वर उचललं जातं आणि गळ्यातल्या जुपण्या काचायला लागतात. फार पुढं घेतलं तर बैलांचे खांदे दबतात. म्हणून भार चाकांच्या किंचित पुढं येईल असे बोद रचायचे. हे सगळं मी परकरात असताना बघितलेलं. पण पंचावन्नाव्या वर्षी ते मला ऑस्ट्रेलियातल्या डांबरी रस्त्यावर पुन्हा शिकावं लागलं.

आमचा मुलगा अ‍ॅडलेडला असतो, कॉम्प्युटरच्या नोकरीत. बेळगावात उद्यमबागेत यांचं वर्कशॉप होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे. मुलानं ते पुढं चालवावं ही यांची इच्छा. तो परदेशी गेला, आणि गिऱ्हाईक मिळताच यांनी मशिनांसकट शेड विकून टाकली. तेव्हापासून बापलेकांचं फोनवरचं बोलणं एवढंच: "बरं आहे का?" "बरं आहे. आईला दे."

अशात एक दिवस मुलानं सांगितलं, "आई, मी गॅरेजमध्ये ट्रेलर बनवतोय." गाडीमागं जोडून खडकाळ, मातीच्या वाटेनं ओढत न्यायचं छोटं बिऱ्हाड. वर घडीचा तंबू, पोटात पाण्याची टाकी, पाठीमागं झाकण उघडलं की ओटा. हे शेजारीच बसले होते. म्हणाले, "पोटासाठी कर म्हटलं तेव्हा नको होतं. आता हौसेसाठी वेल्डिंग करतोय होय?" मी फोनवर हात ठेवला. पण त्यानं ऐकलं असणार.

गेल्या जुलैत आम्ही गेलो. बॅगा भरताना यांनी जाड कापडात गुंडाळलेलं काहीतरी तळाशी घातलं. वजन जास्त भरलं म्हणून माझ्या किलोभर चकल्या घरीच राहिल्या. मी दोन दिवस धुसफुसत होते.

पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मुलानं गॅरेज उघडलं. त्यानं सगळं समजावून मलाच सांगितलं, पण ते कुणाला सांगत होता हे मला कळत होतं. ट्रेलरची चाकं गाडीच्याच मापाची, म्हणजे एकच जादा चाक दोन्हीकडं चालतं. स्प्रिंगचे पाटे साधे, वाटेत बदलता येतील असे. हूक असा की खड्ड्यात गाडी एका अंगाला आणि ट्रेलर दुसऱ्या अंगाला कलला तरी दांडीला पीळ बसत नाही. भरलेल्या ट्रेलरचं वजन साडेसातशे किलोच्या वर गेलं की त्याला स्वतःचे ब्रेक हवेतच, असा तिथला कायदा. याचं वजन नऊशे होत होतं, म्हणून विजेवर चालणारे ब्रेक बसवलेले. आणि एकूण वजनाचा साधारण दहावा भाग दांडीवरनं हुकावर यायला हवा. ते त्यानं बाथरूममधल्या वजनकाट्यावर दांडी टेकवून मोजून दाखवलं. ब्याण्णव किलो.

हे हात मागं बांधून ट्रेलरभोवती एक फेरी मारून आले. दांडी जिथं चॅसीला मिळते तिथल्या वेल्डिंगवरनं अंगठा फिरवला आणि आत निघून गेले. मुलानं माझ्याकडं बघितलं. मी चहा टाकायला गेले. दुसरं काय करणार?

निघायच्या आदल्या रात्री स्वयंपाकघर मी माझ्या हातानं भरलं. कणीक, तांदूळ, डाळी, कुकर, पातेली, लोणचं. वाळवंटातलं पाणी कसं असेल कोण जाणे, म्हणून गाळलेल्या पाण्याचे वीस-वीस लिटरचे तीन कॅन. सगळं ओट्याखाली, हाताशी. म्हणजे ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला. कुणाला विचारलं नाही. स्वयंपाकघर भरायला बाई कुणाला विचारते का?

पोर्ट ऑगस्टाच्या अलीकडं एक लांबलचक ट्रक सुसाट आमच्या बाजूनं गेला आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागला. आधी हळू, मग जोरात. गाडीलाही तो डावीउजवीकडं ओढायला लागला. मी णमोकार म्हणायला लागले. मुलानं गाडीचा ब्रेक दाबला नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि हाताशी असलेलं एक बटण सरकवलं. त्यानं फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागून कुणी शेपूट धरून ओढावं तसा ट्रेलर सरळ झाला. रस्त्याकडंच्या मोकळ्या जागेत गाडी थांबली तेव्हा मुलाचे हात थरथरत होते.

"माझं कुठलं तरी वेल्डिंग..." तो म्हणाला.

हे उतरले. हूक सोडवायला लावला, दांडी दोन्ही हातांनी उचलून बघितली. सहज उचलली गेली. सरळ मागं जाऊन झाकण उघडलं.

"कुणी भरलं हे?"

"मी."

"उलाळ झालीय गाडी." मग मुलाकडं वळून, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच थेट त्याला म्हणाले, "तुझं काम पक्कं आहे. दांडीच्या वरच्या अंगाला आडवं वेल्डिंग टाकलेलं नाहीस, ते मी त्या दिवशीच बघितलं. चुकलंय ते भरण्यात."

पाण्याचे कॅन चाकांच्या पुढं गेले, धान्य त्यांच्याही पुढं. कुकर मी मांडीवर घेतला. त्या दिवसानंतर ट्रेलरनं एकदाही शेपटी हलवली नाही.

मारी गावापासून उदनदत्ताची कच्ची वाट लागते. सुमारे सव्वासहाशे किलोमीटर, सगळी पन्हाळी पत्र्यासारखी. टायरमधली हवा कमी केली की हादरे थोडे सोसतात, पण बोल्ट ढिले होतातच. रोज मुक्कामाला पोचलं की बापलेक पाने घेऊन ट्रेलरखाली शिरायचे. अंधारात रस्त्यावर कांगारू येतात, म्हणून उजेडातच थांबायचं असा मुलाचा नियम. मला तो फार सोयीचा, कारण सूर्य बुडायच्या आत आमची जेवणं आटपायची. चुलीपासून दहा पावलांवर क्षितिजापर्यंत नुसती लाल माती.

काउअर्ड स्प्रिंग्जला खजुराची झाडं आहेत, जुन्या रेल्वेच्या खुणा आहेत आणि जमिनीतनं वर येणारं पाणी आहे. तिथं मुलगा डबक्यात डुंबायला गेला होता आणि हे एकटेच ट्रेलरखाली होते. मी टॉर्च धरून बसले होते. दहा वर्षं पोटात ठेवलेलं ओझं तिथं तोंडाशी आलं.

"अहो, त्याला जा म्हणून मीच सांगितलं होतं. फॉर्मचे पैसेही मीच दिले. ऑइलच्या कपड्यात त्याचा जन्म जाऊ नये असं वाटलं मला. तुम्ही मात्र त्यालाच धरून बसलात, आणि मी गप्प राहिले."

ट्रेलरखालून बराच वेळ नुसता पान्याचा आवाज येत होता.

"ठाऊक होतं," हे म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "मला वाटलं, तू कधीतरी सांगशील. तो सतराचा पाना दे इकडं."

मला रडू आलं, पण टॉर्च हलू दिला नाही.

ओझं काही कमी झालं नाही, मैत्रिणींनो. दहा वर्षं दोघांचीही गेली ती गेलीच. संसारात ओझं असणारच, पण मी माझं असं मागं, झाकणाआड रचून ठेवलं होतं आणि हेलकावे त्या दोघांनी खाल्ले. त्यांच्या भांडणात मध्यस्थी करणारी शहाणी बाई म्हणून मी मिरवत होते, तेही त्याच काळात.

परत निघायच्या दिवशी यांनी बॅगेतनं ते जाड कापड काढलं आणि गॅरेजच्या फळीवर ठेवलं. आत वर्कशॉपमधला जुना लोखंडी गुण्या होता, ज्यावर पहिल्या ट्रॉलीपासून सगळे कोन तपासले गेले तो. शेड विकताना तेवढा मागं ठेवला होता, हे मलाही ठाऊक नव्हतं. मुलानं तो उचलून ट्रेलरच्या कोपऱ्याला लावून बघितला.

"थोडा बाहेर आहे," तो म्हणाला.

"पुढचा करशील तेव्हा बघ," हे म्हणाले.

माझ्या चकल्यांचा विषय मी तिथंच सोडून दिला.